एक फोटो बाकी

हाप्सालूच्या या खोलीत, पडद्याच्या कोपऱ्यात
रात्रभर एक चकती फिरते.
चार हजार बारा फोटो वर गेले,
एक बाकी.
मंगळवारपासून तो एकच बाकी.

वर म्हणजे नेमकं कुठे, ठाऊक नाही.
क्लाउड म्हणतात त्याला, पण खिडकीबाहेरचे ढग
आपापले समुद्राकडे निघालेत
कुणाचं काही न घेता.

समुद्रापलीकडे, हियुमा बेटावर, ओलेव.
माझा भाऊ.
त्याच्याकडे टॅब्लेट, माझ्याकडे आईचा डेस्कटॉप,
आणि दोघांत मिळून एकच फोटो-लायब्ररी.
आईचं घर विकलं त्या वसंतापासून
आम्ही बोलत नाही.
भांडी वाटली, बोट विकली, शिडीसुद्धा कुणाची ते ठरलं.
लायब्ररी वेगळी करायची तेवढी राहून गेली.

तेव्हापासून भांडण असं चालतं:
मी बर्फाला जरा निळा देते,
सकाळी उठून बघावं तर राखाडी.
मी क्षितिज सरळ करते,
तो पुन्हा कलतं करतो, दीड अंश,
कारण आई कॅमेरा तसाच धरायची, कलता,
एका हाताने,
दुसरा हात गाडीच्या खिडकीबाहेर.
मी नापसंत केलेल्या फोटोला
दुपारपर्यंत पाच तारे.
एकदा चिडून मी त्याच्या एका फोटोला
'हटवादी' असा टॅग लावला.
त्याने तो काढला नाही.
शुद्धलेखन तेवढं सुधारलं.

सगळे फोटो त्या हिवाळ्यांतले,
समुद्र गोठायचा तेव्हाचे.
किनाऱ्यावरून थेट बेटावर
बर्फावरून गाड्या जायच्या.
बाबा गाडी चालवायचे, आई नियम म्हणायची,
रामरक्षा म्हणावी तशा चालीत:
पट्टा लावायचा नाही.
पुढच्या गाडीला चिकटायचं नाही.
हळू तर अगदी हळू, नाहीतर सरळ वेगात,
मधल्या चालीने खालचं पाणी लाट धरतं
आणि बर्फ तडकतो.
आणि काही झालं तरी
मध्येच थांबायचं नाही.

हल्ली समुद्र गोठत नाही.
गोठला तरी शब्द देत नाही.

आज त्या अडलेल्या फोटोपर्यंत जाऊन पाहिलं.
मीच कापला होता तो, उजवीकडून,
चित्र आटोपशीर व्हावं म्हणून.
पलीकडून ओलेवने तो पुन्हा उलगडलाय, काठापर्यंत.
दोन्हीकडे एकाच वेळी बदल.
कुठला ठेवू, यंत्र विचारतं, फार अदबीने,
तुमचा की त्यांचा?

काठावर एक पिवळा हातमोजा.
आत हात आहे.
वाऱ्याशी खेळतोय की
आम्हाला मागच्या सीटवर गप्प बसा म्हणतोय,
एवढ्याशा ठिपक्यांतून कळत नाही.

खाली, वर्णनाच्या रकान्यात, त्याने लिहिलंय:
'माझ्याकडे फक्त हलकी प्रत येते.
मोठी केली की बोटं विरघळतात.
मूळ पाठव.'

तीन वर्षांतली पहिली तीन वाक्यं.
शुद्धलेखन अर्थात बिनचूक.

मूळ इथे आहे, टेबलाखाली,
हात लावला तर कोमट लागणाऱ्या त्या डब्यात.
ते कधीच वर गेलं नव्हतं.
वर गेली ती त्याची पडछाया,
तिच्यावरच आम्ही दोघं
निळा-राखाडी करत बसलो.

पाठवता आलं असतं तसंही, दोन क्लिकचं काम.
मी वायर काढली,
डिस्क लोकरी मोज्यात गुंडाळली, मग दुसऱ्या मोज्यात.
रोहुक्युलाहून पहिली फेरीबोट पहाटेची.
बोटीत पट्ट्याचा प्रश्न येत नाही,
वेगही आपल्या हातात नसतो.

पडद्यावर, फोटोच्या कोपऱ्यात,
लगेच एक प्रश्नचिन्ह उगवलं.
मूळ फाइल सापडत नाही, यंत्र म्हणालं.
मी कोटाची बटणं लावत होते.